मागच्या गिअरमधला झेंडू

दसऱ्याला नातीच्या सायकलला हार बांधताना बोटांना झेंडूचा वास लागला, आणि सक्करदऱ्याचे सायकल दुरुस्त करणारे वामन मिस्त्री आठवले.

मी कॉलेजात असताना दादानं मोहल्ल्यातली पहिली गिअरची सायकल आणली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चेन मागच्या लहान चक्रावर उतरेना. रविवारी कामठीपर्यंत शर्यत होती, म्हणून दादा सगळ्यांवर चिडलेला.

"खोला ना लवकर," तो मिस्त्रींना म्हणाला.

"थांब गा, असली गाडी मी पह्यल्यांदा पाहून राहिलो. चालते कशी, थे तं समजू दे."

त्यांनी सायकल उलटी केली आणि हातानं पायडल फिरवत बसले. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर चढली की स्वतःशीच हसायचे. मीही वाकून पाहत होते. शेवटी चक्रांच्या फटीतून त्यांनी चिमट्यानं दोरा ओढला. त्याला ग्रीसमध्ये काळी पडलेली झेंडूची पाकळी चिकटलेली. हार मीच तिथं गुंडाळला होता. खरं यंत्र तेच, मग पूजाही त्याचीच.

"कायचा दोरा?" दादानं विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "रस्त्यावरचा कचरा गा," म्हणाले, आणि पाकळी खिशात टाकली.

त्यांना काहीच कळलं नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. पण रस्त्यावरचा कचरा कोण खिशात टाकतं?