चारसाहेब आणि एकेचाळीस फोटो

औषधांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये धाकटी नोकरीला लागली ती पोट भरायला नव्हे, उट्टं काढायला. लग्नानंतर आडनाव बदललं होतं, त्यामुळे तीन वर्षांपूर्वी इथून हाकललेल्या ऑपरेटरची ही सख्खी बहीण, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मुलाखतीत व्यवस्थापकाने विचारलं, "दुपारी झोप येत नाही ना? आधीचा एक झोपाळू होता, इन्शुलिनचा अख्खा साठा नासवला त्याने." ती म्हणाली, "नाही साहेब, मला झोप कमीच." खरंच कमी होती, आणि ती ह्याच माणसामुळे.

झोपाळू म्हणजे तिचा दादा. ते नाव गोदामातून गल्लीत आलं आणि चिकटलं ते चिकटलंच. चारचौघांत खळखळून हसणारा दादा घराबाहेर पडेनासा झाला. घरात एकच सांगत राहिला, "मी झोपलो नव्हतो. मशीन साहेबाने बंद केलं होतं." पण पुरावा? पुराव्याच्या नावाने शून्य. धाकटीने तेव्हाच ठरवलं, ह्या माणसाला रडवल्याशिवाय राहायचं नाही.

नियंत्रणाची खोली जेमतेम दोन खुर्च्यांची. टेबलावर कॉम्प्युटर, पडद्यावर सहा खोल्यांचं तापमान. औषधं दोन ते आठ अंशांच्या आत राहिली पाहिजेत. दुपारी एकला व्यवस्थापक कॉम्प्रेसर बंद करी, तीनला चालू. मधल्या वेळात आकडा अकरावर जाई. ह्याने वीज वाचे आणि मालकाकडे त्याची वाहवा होई. पडद्यावरचे आकडे साठवायची सोय त्यानेच बंद करून ठेवलेली, म्हणजे मागे उरे ते फक्त कागदी रजिस्टर. ते हा बहाद्दर सकाळीच दिवसभराचं भरून टाकी. एक वाजता चार अंश, दोन वाजता चार, तीन वाजता चार. हमाल त्याला पाठीमागे चारसाहेब म्हणत.

मोबाईल गेटवरच काढून घेत. म्हणून धाकटीची नजर कीबोर्डवर गेली. वरच्या ओळीत उजवीकडे एक बटण होतं, प्रिंट स्क्रीन. दाबलं. काहीच झालं नाही. आवाज नाही, कागद नाही. तिला वाटलं, आत कुठेतरी साठत असेल. रोज दुपारी दोनला ती ते बटण दाबी आणि मनात म्हणे, हा घे अकरा, हा घे बारा. पंधरा दिवस असं चाललं.

मग वहिनीला सांगितलं. वहिनी टायपिंगच्या दुकानात कामाला, जिभेला धार आणि नवऱ्याच्या बदनामीने आधीच पेटलेली. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, ते बटण फोटो काढतं, पण ठेवून घेत नाही! लगेच पेंट उघडून चिकटवायचा असतो. नवीन फोटो आला की जुना गेला. तुझ्याकडे फक्त शेवटचा असेल, तोही कॉम्प्युटर बंद केला असशील तर नाही."

"रोज करते बंद."

"मग झालं. पंधरा दिवसांचं मुसळ केरात."

धाकटी दुसऱ्या दिवसापासून नवी रीत शिकली. ऑल्टचं बटण धरून प्रिंट स्क्रीन दाबलं की फक्त समोरची चौकट येते, नीटनेटकी. ती पेंटमध्ये चिकटवायची आणि साठवायची. आठ फोटो घेऊन ती मोठ्या तोऱ्यात वहिनीकडे गेली. पेन ड्राइव्ह अंबाड्यात खोचून आणला होता. गेटवर पिशवी तपासत, केस कोण तपासणार?

"ह्यात वेळ कुठंय?" वहिनी म्हणाली. "घड्याळ खाली कोपऱ्यात असतं. तू चौकट कापून आणलीस, घड्याळ बाहेर राहिलं. तो म्हणेल, मशीन दुरुस्तीला होतं तेव्हाचं आहे. विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाब. पडदा क्षणभर काळवंडेल आणि अख्खा फोटो आपोआप फोल्डरमध्ये जाऊन बसेल. तारखेसकट."

पडदा काळवंडला की धाकटीच्या जिवाला इतका गारवा वाटे, की कोल्ड स्टोरेजनेही कधी दिला नसेल. एकेचाळीस दिवस, एकेचाळीस फोटो. प्रत्येकात अकरा-बाराचा आकडा आणि कोपऱ्यात दुपारचे दोन, आणि सगळे पेन ड्राइव्हमधून घरी पोचलेले.

ते सरळ औषध तपासणी कार्यालयात द्यायचे, एवढंच उरलं होतं. पण नाही! तिला त्याचं तोंड बघायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने त्याला नियंत्रणाच्या खोलीतल्या खुर्चीत बसवलं, पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवला आणि म्हणाली, "ज्याला झोपाळू म्हणून हाकललंत ना, त्याची मी बहीण."

चारसाहेब पांढराफटक पडला, पण अर्धं मिनिटच. मग उठून कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि तिच्यासमोर उघडलं. पानंच्या पानं चारच चार. "हे अक्षर कोणाचं, ओळख बरं. मी नाही भरलं हे. सहा वर्षं तुझ्या भावाने भरलं. पाठव फोटो, खुशाल पाठव. मी बुडालो तर तो माझ्याआधी."

अक्षर दादाचंच होतं. पाटीवर तिला अंक काढायला ह्याच हाताने शिकवलं होतं. तिला आधी चारसाहेबाचा नव्हे, दादाचा संताप आला.

घरी येऊन तिने चपलाही काढल्या नाहीत. "तू लिहायचास चार?"

वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. तिलाही हे माहीत नव्हतं.

"तो म्हणाला लिही, मी लिहिलं," दादा म्हणाला. "नोकरी टिकवायची होती. नासलेलं इन्शुलिन कोणी टोचून घेतलं असेल, ते आजही कळलेलं नाही मला. झोपलो नव्हतो, हे खरं बोललो. उरलेलं गिळलं."

"मग आता काय करायचं?" धाकटी म्हणाली. "फोटो पाठवले तर तुझी अब्रू जाते. नाही पाठवले तर तो उद्याही एकला मशीन बंद करणार, आणि वर मला हसणार."

दादा उठला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने वहिनीच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि तिला टेबलाशी बसवलं. "कागद घे. रजिस्टर मी भरलं, असं माझ्या नावानं आधी लिही. सही करतो. त्याच्याखाली त्याचं नाव, आणि एकेचाळीसच्या एकेचाळीस फोटो जोड."

"अहो, तुम्हालाही शिक्षा होईल," वहिनी म्हणाली.

"होऊ दे. मी बुडालो तर चालेल मला. तो काठावर उभा राहून बघतोय, ते नाही चालणार."