बी पेशी, हाजिर हो

आमच्या औंधच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या महिपती सोनवण्यांनी नोकरीभर एकच काम केलं: कोर्टाच्या दाराशी उभं राहून माणसांना हाका मारल्या. नाव तीनदा पुकारायचं आणि कोणी आलं नाही, तर आत वळून सांगायचं, "गैरहजर." मी उमेदीची वर्षं रंगभूमीवर काढली, माइक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला, पण महिपतरावांपुढे मी पाणी भरलं असतं. त्यांच्या 'हाजिर हो'मधला तो 'हो' जिना उतरून टपरीपर्यंत जायचा आणि वकिलांना चहा अर्धा सोडून पळायला लावायचा.

मग कोर्टात लाल आकड्यांची पाटी लागली. आकडा उजळला की माणसं आपापली आत जाऊ लागली. महिपतराव त्याच सुमारास निवृत्त झाले. आवाज मात्र निवृत्त झाला नाही. आमच्या कोपऱ्यावर रोज सकाळी हिंजवडीच्या कंपनीबससाठी मुलं उभी असत, गळ्यात नावाची कार्डं. इतकी नावं आयती लटकत असताना हा माणूस गप्प कसा राहणार? बस दिसली की पुकारा सुरू.

"आमोद केळकर, हाजिर हो."

"अंकल, मी इथेच आहे," आमोद कानातली वायर काढून म्हणायचा. "तुमच्या समोर."

"समोर असून उपयोग नाही. पुकारा झाल्याशिवाय हजेरी धरत नाहीत."

एका सकाळी बसच्या चाकापाशी झोपलेलं कुत्रं त्या 'हो'नं दचकून उठलं, महिपतरावांच्या पोटरीला चावलं आणि बाणेरच्या दिशेनं निघून गेलं. पुन्हा दिसलं नाही. त्यामुळे ते पिसाळलेलं होतं की नुसतंच वैतागलेलं, हे कळायला मार्ग उरला नाही. डॉक्टरांनी बजावलं, "हा रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही. सगळ्या सुया घ्या. एकही चुकवू नका."

दोन सुया सुखरूप पार पडल्या. नंतर त्यांची पुतणी दीक्षा भेटायला आली. ती मांजरी गावातल्या एका लस बनवणाऱ्या कंपनीत कामाला होती. चहा माझ्याकडेच होता.

"काका, त्या सुईत मेलेला विषाणू असतो," ती म्हणाली. "तो पाहून तुमची बी पेशी प्रतिपिंडं तयार करते, आणि ती खऱ्या विषाणूला अडवतात."

महिपतराव सावरून बसले. कोर्टात पेशी म्हणजे सुनावणीची तारीख. "बी पेशी? मग ए पेशी कधी झाली? मला समन्स नाही आलं."

"ती पेशी नाही हो. शरीरातली."

"शरीरातपण पेश्या असतात?"

"कोट्यवधी."

"मग निकाल लागायचा कधी?"

मी हसले, आणि दीक्षाला समजावून सांगण्याचा चेव चढला. "बी पेशी विषाणूचा तुकडा धरून बसते, पण एकटीच्या जिवावर फार पुढे जात नाही. दुसरी एक असते, मदतनीस टी पेशी. तिनं तो तुकडा ओळखला की ती इंटरल्युकिन नावाचे रेणू सोडते. ते रेणू म्हणजे हाकच समजा. हाक पोचली की बी पेशी वाढते, एकीच्या अनेक होतात आणि जोमानं प्रतिपिंडं काढायला लागतात. हाक नाही, तर काम अर्धवट."

महिपतरावांनी कप खाली ठेवला. "म्हणजे आतसुद्धा पुकाऱ्यावाचून अडतं."

"तसंच म्हणा," दीक्षा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गच्चीवरून आवाज आला, "बी पेशी, हाजिर हो." तीनदा. मग छातीवर हात ठेवून, आत काही हालचाल होते का, याचा अंदाज घेणं. बी विंगच्या द्वारकाबाई पदर खोचून वर गेल्या; त्यांना वाटलं, बी विंगची मीटिंग आहे. पाठोपाठ सेक्रेटरी अनंतराव पोचले.

"सोनवणे, आपल्या पेशी बहिऱ्या असतील. आम्ही नाही."

"मग आपण कशाला आलात? आपल्याला पुकारलं नव्हतं."

इथवर गंमत होती. पण तिसऱ्या सुईच्या दिवशी महिपतरावांनी जायलाच नकार दिला. विषाणू दोनदा दाखवून झाला, आता कमी आहे ती फक्त हाकेची, आणि ती ते घरबसल्या देत होते. दीक्षाचा मला फोन आला. "मावशी, तुम्हीच काहीतरी करा. काका ऐकत नाहीत. मरतील हो अशानं."

मी खाली गेले. ते आरामखुर्चीत गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. आवाज जपत होते.

"महिपतराव, कोर्टात पुकारा कोणाच्या सांगण्यावरून करायचात?"

"साहेबांच्या."

"मनानं कधी केलात?"

ते दुखावले. "ताई, मनानं ओरडतो तो भाजीवाला. बोर्डावर प्रकरण असल्याशिवाय मी कधी तोंड उघडलं नाही."

"मग ती टी पेशी तरी कशी उघडेल? तुकडा समोर आला तरच तिची हाक. आज सुई घेतली नाहीत, तर बोर्डावर प्रकरणच नाही."

त्यांनी गळ्याच्या मफलरवर हात ठेवला. "आणि माझी हाक?"

"ती दाराबाहेरची. आतली ज्याची त्याला देऊ दे. तुमच्या जागी उभं राहून एखादा वकील पुकारायला लागला असता तर?"

"दंडाला धरून बाहेर काढला असता," असं म्हणत त्यांनी मफलर सोडला आणि चपला शोधायला लागले.

दवाखाना बंद व्हायला आला होता, तरी गर्दी होती. शैला सिस्टरचा घसा बसलेला. टेबलाशी बसून तिनं नाव घेतलं, ते दारापर्यंतही नीट आलं नाही. महिपतराव दाराशीच होते. ते उठले, टोपी सारखी केली आणि बाहेरच्या बाकांकडे तोंड करून गरजले, "महिपती सोनवणे, हाजिर हो."

तीनदा. दोन्हीकडे नीट पाहिलं. मग आत वळून अदबीनं म्हणाले, "गैरहजर, सिस्टर."

सिस्टरनं नावावर काट मारली. "पुढचं घ्या. निकिता जगदाळे. आणि नंतर कोणाला घेणार नाही."

मी त्यांची बाही ओढली. "अहो, महिपती सोनवणे तुम्हीच."

"ते माहीत आहे मला," ते म्हणाले. "पण मला कोणी पुकारलं?"

"आत्ता तीनदा पुकारलं."

"तो मीच होतो, ताई. आपणच आपल्याला पुकारून कसं चालेल?"

या माणसाला जन्मात कोणी दारातून हाक मारली नव्हती. मी सिस्टरला काट खोडायला लावली, उंबऱ्यात उभी राहिले, पोट आत घेतलं आणि शेवटच्या रांगेसाठी राखून ठेवलेला सगळा श्वास त्या एका नावात घातला. रडणारं पोरसुद्धा थांबलं.

"हजर," महिपतराव हात जोडून अगदी बारीक आवाजात म्हणाले, आणि दंड उघडा करून टेबलाशी गेले.

सुई टोचून सिस्टर बोळा दाबत होती. "दुखलं का हो, आजोबा?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत चालू आहे."