हरलेला रातकिडा उडवायचा असतो

चार संशोधक एका खोलीत कोंडले की संशोधन होईलच असं नाही, किस्से मात्र होतात. आमच्या नागपूरच्या लॅबमधून माझा थिसिस अजून बाहेर पडायचाय. किस्से केव्हाच पडलेत!

किड्याच्या शरीरात एक चेतापेशी दुसरीला चिकटलेली नसते. मधे बारीकशी फट असते, आणि निरोप द्यायचा तर त्या फटीत रसायन सोडावं लागतं. ते रसायन रातकिड्यांत मोजणं हा माझा उद्योग. कोराडीला आई विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, "तो अजून शिकून राहिला."

*

रामटेकच्या मामांच्या धानाला खोडकिडा लागला. भाचा किड्यांतला तज्ज्ञ, म्हणून फोन मला. मीही सुटलो! "मामा, निरोप पोचला की ते रसायन लगेच पुसलं जातं. काही औषधं हे पुसणंच बंद करतात. मग निरोप थांबतच नाही, आणि किडा थकून मरतो."

मामा म्हणाले, "म्हंजे तुह्यासारखं बोलून बोलून मारायचं?"

औषध त्यांनी दुकानदाराला विचारून आणलं.

*

दोन नर रातकिडे एका डब्यात सोडले की कुस्ती ठरलेली. हरलेला नंतर कितीतरी वेळ दुसरा नर दिसला की पळ काढतो. पण त्यालाच ओंजळीतून तीन-चारदा हवेत उडवलं, की पंख फडफडवून पठ्ठ्या पुन्हा भिडायला तयार! उडण्यानं त्याच्या अंगात ऑक्टोपामिन नावाचं रसायन वाढतं आणि हिंमत परत येते, असं आमचे गाइड सर सांगतात.

मी पहिला रातकिडा उडवला तो थेट सरांच्या गार झालेल्या चहात. तो पोहत काठावर आला. सरांनी त्याला पाहिलं, मग मला.

"याची हिंमत वाढली. तुही कधी वाढन?"

*

हरलेल्याला लाल ठिपका, जिंकलेल्याला हिरवा. एकदा माझ्या हातून चमत्कारच झाला. न उडवताही हरलेलेच जिंकायला लागले! मी लॅबभर संत्रा बर्फी वाटली. आमची ज्युनिअर स्वाती बर्फी खात डब्यात डोकावली.

"दादा, तुमाले लाल आन् हिरवा येगळा दिसते ना?"

दुसऱ्या दिवशी धंतोलीतल्या दवाखान्यात डोळे तपासून घेतले. दिसत नाही! बर्फी तोवर संपली होती.

*

आणि थिसिसच्या आधीचं ते प्रेझेंटेशन. मुदत संपत आलेली. यात नापास झालो की सगळी वर्षं पाण्यात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि माझी वाचा बसली. सर माझ्या मदतीला धावले, तर परीक्षकांनी त्यांनाही झापलं! शेवटी चहाची सुट्टी झाली. मी व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून बसलो. खरं सांगतो, रडायला येत होतं.

तेवढ्यात स्वाती आणि लॅबची तीन पोरं सतरंजी घेऊन आली.

"दादा, बसा याच्यात."

"काहून?"

"बसा म्हणलं ना!"

चौघांनी चार कोपरे धरले. माझं वजन सांगत नाही. पहिल्यांदा वीतभर उडालो, दुसऱ्यांदा हातभर. तिसऱ्यांदा हवेत असतानाच दार उघडून सर बाहेर आले. पोरांनी घाबरून सतरंजी सोडली आणि मी धपकन खाली!

सरांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग चष्मा काढून माझ्या हातात दिला. खिशातलं पेनही दिलं.

"सरक गा लवकर. दुसरा राउंड बाकी हाय. आता मले उडवा."