पिशवीचं नाव मी घेतलं नाही

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. पत्रकं लिहिणारा माणूस मी — कोल्हापुरातल्या किती भिंतींवर माझे शब्द चिकटले असतील — पण हे लिहिताना हात अडतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अक्का माझी मावसबहीण, सीमेपलीकडच्या खेड्यातली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. पोटात गाठ निघाली म्हणून दाजी तिला इकडे घेऊन आले. दोघांनाही कन्नडच यायचं, मराठी येत नव्हतं. दोन्ही भाषा येणारा मी. मग मध्ये कोण बसणार?

डॉक्टर नीट बोलले. हो, अगदी नीट. गाठ गर्भपिशवीला चिकटलेली असली तर पिशवीही काढावी लागेल, मग मूल होणार नाही. त्यांना हे समजावा आणि त्या काय म्हणतात ते मला सांगा, असं म्हणाले. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. पिशवीचं नाव काढलं तर ही उठून गावी जाणार, देवऋषाच्या दारात बसणार — हे मीच ठरवून टाकलं.

"गड्डी तेगीतार, अष्ट," मी तिला म्हणालो. गाठ काढतील, एवढंच.

आणि डॉक्टरांना म्हणालो, "तयार हाय ती."

तिनं कन्नडमध्ये सही केली. पिशवी गेली.

टाके काढायच्या दिवशी कन्नड बोलणाऱ्या एका आयाकडून तिला ते कळलं. दाजी ग्राहक मंचात गेले. आणि मी काय केलं? पत्रक काढलं — बाईच्या देहावर हक्क कुणाचा? डॉक्टरांचं नाव घालून वाटलं. मंचापुढे वकिलांनी मला विचारलं, पिशवीबद्दल डॉक्टर तुमच्याशी काही बोलले होते का?

"नाही," मी म्हणालो. शपथेवर.

पिशवीबद्दल डॉक्टरांकडे लेखी काहीच नव्हतं. निकाल आमच्या बाजूनं लागला. बाहेर एका मित्रानं पाठीत थाप मारली, "भावा, डॉक्टरला गार केलास की."

एसटी स्टँडवर अक्का हळूच म्हणाली, मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. दुखणं सोसलं असतं, पण मुलाची अजून वाट बघितली असती. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, तू होतास म्हणून न्याय मिळाला.

मी मान डोलावली.

अक्काला मराठी वाचता येत नाही. हे मी मराठीत लिहिलं आहे.