दुकानामागच्या खोलीतलं भुयार

मे महिन्यातला शेवटचा रविवार, दुपारी अडीच. हजर: मी, माझे यजमान, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले पंपवाले काका, समोरच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या आपा, आणि पहिल्यांदाच मोठे दीर. गैरहजर कोणी नाही.

दीर खेळायला आले नव्हते, निकाल द्यायला आले होते. तिसगावात आमचं घर एक, वाटण्या दोन. दिरांचं खताचं दुकान आणि त्यामागची खोली त्यांच्या वाटणीची. तीन वर्षं आम्ही दर रविवारी तिथे खेळायला जमतो. आता खरिपाच्या खताला जागा हवी म्हणून ते खोली परत मागत होते. खत दरवर्षी येतं आणि दरवर्षी दुकानातच मावतं. खरं कारण त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"लोक इचारत्यात, भावाची बायको दर रविवारी दार लावून काय करती?"

मी म्हटलं, "भाऊजी, या आणि बघा. मग ठरवा."

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे तयारीत कसर ठेवत नाही. लॅपटॉपवर एक प्रोग्राम आहे. त्यात आठवडाभर मी नकाशा काढते, कुठे काय दडलंय त्याच्या नोंदी करते. जुना टीव्ही टेबलावर उताणा ठेवला की तोच नकाशा खेळणाऱ्यांना दिसतो, पण काळ्या आवरणाखाली. ते जिथवर पोचतील तेवढाच भाग मी उघडते. बाकी सगळं बोलायचं. मी जागा आणि संकट सांगते, ते आपापलं पात्र काय करेल ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. फासे प्रोग्राममध्येही आहेत, पण आपांना ते मंजूर नाहीत. "भाभी, नकाशा तुमचा, राक्षस तुमचा, फासे पण तुमचेच? मग आम्ही काय नुसतं हरायला यायचं?" त्या बटणांच्या डबीत खरे फासे घेऊन येतात.

त्या दिवशीचा नकाशा भुयाराचा होता. डोंगरात वर झरा, आत तळं, तळ्यात पाणी अडवून बसलेला राक्षस, आणि भुयाराच्या तोंडाशी तहानलेलं गाव. राक्षसासाठी मी चार संध्याकाळी घालवल्या होत्या. त्याला सहा हात होते आणि प्रत्येक हाताची वेगळी नोंद होती.

मी तळं उघडलं. आपांनी फासे हातात घेतले. काका मात्र चष्मा वर करून आकडे वाचत बसले. प्रोग्राममध्ये प्रत्येक जागेची उंची भरावी लागते, आणि ती पडद्यावर दिसते.

"बाई, झरा पन्नास. तळं वीस. भुयाराचं तोंड तीस."

"हो."

"मग राक्षस मेला तरी गावाला पानी चढनार कसं? मोटर बसवली का तुमी?"

यजमान हसले. मी म्हटलं, "आकडा चुकलाय. आता बदलते. तुम्ही लढा."

"न्हाई. मी तलवार खाली ठेवली."

एवढा वेळ दाराशी उभे असलेले दीर टेबलापर्यंत आले आणि वाकून बघू लागले. "बरूबर हाय त्यांचं. आन आता बदलायचं न्हाई. भरलं ते भरलं." मग त्यांनी झऱ्यावर बोट ठेवलं आणि तळं टाळून थेट भुयाराच्या तोंडाशी आणलं. "हितून चर काढा. पन्नासावरून तीसवर. पानी आपसूक जाईल. त्याला बसू द्या कोरड्यात."

प्रोग्राममध्ये तलवारीची सोय आहे, विषाची आहे, आगीची आहे. खणण्याची नाही. मी भिंती काढायच्या रेघेने चर काढला आणि दर दहा पावलांना एक फासा लावला. खडक लागला, माती ढासळली, आपांच्या पात्राचा पाय मुरगळला. दिरांनी स्वतः सात वेळा फासे टाकले. एकदा वाईट दान पडलं तर म्हणाले, "हा धरू नका, हातातून निसटला." राक्षसाचा एकही हात मला वापरायला मिळाला नाही. दीड तासाने गावात पाणी आलं तेव्हा काकांनी टाळी दिली, ती दिरांना.

दीर टॉवेलला हात पुसत उठले. "खेळ वाईट न्हाई. खोली बुधवारपर्यंत मोकळी करा."

"अरे दादा, आत्ताच तर—" यजमान म्हणाले.

"मी बघितला रे. गाव थोडंच आत येऊन बघनार हाय? नाव तर माझ्याच घराचं निघतं."

मी लॅपटॉप मिटला. "मग गावाला दाखवू. खोली तुमची आहे, भाऊजी. रस्त्याकडचा ओटा सामाईक आहे. घराचा उतारा मी पाहिलाय. पुढच्या रविवारपासून आम्ही ओट्यावर बसू."

"रस्त्यावर? मास्तरीणबाई, शाळेतली पोरं हसतील."

"हसणारी पोरं माझ्याच वर्गात आहेत. त्यांना नकाशे काढायला लावीन."

आपा डबीचं झाकण लावत म्हणाल्या, "मला ओटाच बरा. इथे हवा कुठे येते?" दीर दुकानात गेले. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांचा चर उत्तम होता हेही खरं. दोन्ही मी मान्य करते. पण चाळिशी उलटलेल्या बाईने रविवारी दुपारी काय करावं, हे ठरवायला मी कोणाला बोलावलेलं नाही.

मंगळवारी खोली रिकामी करून, झाडून, किल्ली त्यांच्या गल्ल्याशेजारी ठेवली. ओटा मोजला, टेबल बसतं. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून आपांनी छत्रीच्या काळ्या कापडाचं छत शिवलं. काकांनी त्याला बांबू लावले.

राहिला टीव्हीसाठी प्लग. ओट्यावर तो नाही. सर्वांत जवळचा बोर्ड दिरांच्या दुकानात आहे आणि वायर तिथूनच ओढावी लागेल. वायरमनला सांगणं माझ्याकडे. दिरांना सांगणंही माझ्याकडे. दोन्ही बाकी.