एक जूनच्या मुली

पाथर्डीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी बरीच वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. माझ्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, एक जूनला. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांकडे जन्माचा दाखला नसायचा. मग आम्ही शिक्षक सरसकट एक जून लिहायचो आणि सहा वर्षं पुरी करून टाकायचो. पोरगं शाळेत बसलं म्हणजे झालं!

एका मुलीच्या आईनं तर मला सांगितलंही होतं, "बाई, संक्रांतीच्या टायमाला उसाच्या फडातच झाली ही. आत्ता कुठं पाच सरली." मी हसले आणि एक जूनच लिहिला.

पुढे उसाची ट्रॉली उलटून तिचे आईबाप गेले. काकानं हात वर केले आणि ती नगरच्या मुलींच्या बालगृहात आली. निवृत्तीनंतर मी भिंगारला राहायला आले, दर रविवारी बालगृहात शिकवायला जाऊ लागले, तिथे ती मला पुन्हा भेटली. तिला नर्स व्हायचं होतं. यंदा बारावी झाली. प्रवेश ऑगस्टमध्ये होणार होते.

मे महिन्यात अधीक्षकबाई म्हणाल्या, "एक जूनला तिला अठरा पूर्ण. आता ठेवता येणार नाही." इतक्या वर्षांत दिवाळीलाही न फिरकलेला काका लगेच उगवला. त्यानं स्थळ बघून ठेवलं होतं. ऊसतोडीत नवराबायकोचं जोडपं म्हणजे एक कोयता. त्या घराला सून नको होती, कोयत्याचे दुसरे दोन हात हवे होते.

माझं डोकंच फिरलं. आपल्या अठरा वर्षांच्या पोरांना बँकेतला साधा फॉर्म भरता येत नाही, बाप सोबत जातो. आणि जिला बापच नाही तिला म्हणायचं, मोठी झालीस, चालू लाग! अशा मुलींना एकवीसपर्यंत सांभाळायची सोय कागदावर आहे, म्हणून मी महिला-बालविकासच्या कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "जागा नाही. अर्ज ठेवून जा, बघू." बघू म्हणे! तिच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत बघतच बसले असते.

मी म्हटलं, "अहो, तारीखच खोटी आहे. तिला अठरा व्हायला अजून सात महिने आहेत."

"मग पुरावा आणा."

भर उन्हात एसटीनं जुन्या शाळेत गेले. सुट्टी असूनही हेडमास्तरांनी कपाटातून रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढे एक जूनच. "अक्षर तुमचंच हाय की, बाई," ते म्हणाले. माझंच होतं, गोल, वळणदार. वर्गात ज्याचं कौतुक व्हायचं तेच. खरा महिना ठाऊक असलेली तिची आई एकट्या मला सांगून गेली होती, आणि मी तो लिहिला नव्हता. साहेबांवरचा राग गेला नाही, पण त्याला आता वाटेकरी मिळाला.

एक जूनला काकाची जीप फाटकात उभी होती. मी वाटेत आडवी उभी राहिले.

"तुमी कोन तिच्या?" त्यानं विचारलं.

"हिला अठराची करणारी मीच," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. तिला कळलं असावं. ती माझ्या रिक्षात येऊन बसली. त्याच दिवशी आणखी दोघी बाहेर पडल्या, त्यांचाही एक जूनच. त्या कुठं गेल्या मला माहीत नाही. माझ्या घरात एकच जादा खोली आहे.

आठ दिवस झाले तरी तिची बॅग दाराशी तशीच होती. रोज बॅगेतून एक ड्रेस काढायची, धुऊन, वाळवून परत घडी घालून ठेवायची. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला. तिनं तो पुसून घेतला, पण ठेवलं काहीच नाही.

"अगं, लाव ना कपडे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "लावते. पण बाई, इथून कोणत्या तारखेला जायचं, ते आधी सांगा."