न विचारता काढलेला फोटो

उमरग्याच्या प्रशिक्षणात डिजिटल नागरिकत्व शिकवायला मी स्वतःहून नाव दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. इंटरनेटवर कसं वागावं हे मुलांना वर्गात कसं शिकवायचं, ते मी हॉलभर शिक्षकांना सांगणार होते. आणि माझ्याच वर्गातली एक मुलगी माझ्याच मोबाईलमुळं आठवडाभर घरी बसली होती.

आमच्याकडं फोटो नाही तर उपक्रम झालाच नाही. झाड लावा, फोटो. हात धुवा, फोटो. मुरुम गावातल्या एका व्यापाऱ्यानं शाळेला बूट दिले, तेव्हाही मी सवयीनं फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. सातवीतल्या त्या मुलीच्या फोटोखाली लिहिलं, 'पितृछत्र हरपलेल्या विद्यार्थिनीस मदत.' ते वाक्य तेव्हा मला छान वाटलं होतं, याची आज लाज वाटते. फोटो फिरत फिरत तिच्या मामाच्या गावापर्यंत पोचला. शाळेतली पोरं तिला बुटांवरून चिडवू लागली. तिनं बूट काढून ठेवले आणि यायची बंद झाली.

तिची आई शाळेत येऊन एवढंच म्हणाली, "बाई, तेवढा फोटू पुसता यील का?"

पुसायला गेले, तर तो फक्त माझ्या मोबाईलमधून गेला. बाकी सगळ्यांकडं तसाच. मुलगी एकदा घरी बसली की तिला परत आणणं किती अवघड असतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत मी चांगलं पाहिलंय. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही.

 प्रशिक्षणाला जाताना ठरवलं होतं, खरं तेच सांगायचं. मुलांच्या परवानगीवर बोलताना मी माझी चूक सांगितली आणि सगळ्यांना पटावी म्हणून तोच फोटो, एका सहकाऱ्याकडून परत मागवून, पडद्यावर लावला. हॉल गप्प झाला. मला वाटलं, जमलं. मग समोर एकेक मोबाईल वर व्हायला लागला. हजर होतो याचा पुरावा सगळ्यांनाच लागतो.

चहाच्या सुट्टीत ग्रुप उघडला, तर तिथं नवा फोटो. मी हातवारे करून बोलतेय आणि माझ्यामागं ती, भिंतीएवढी.  मी प्रत्येकापाशी जाऊन फोटो काढून टाका म्हणून विनवत फिरले. बहुतेकांनी पुसला. एक सर हसत म्हणाले, लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं.

बसमधून उतरून तशीच तिच्या घरी गेले. काय झालं ते आईला आणि तिला, दोघींनाही सांगितलं. आई माझ्याकडं बघतच राहिली. मुलगी शेंगा फोडत होती, तिनं हात थांबवले.

"शिकवताना तरी मला इचारायचं की, बाई."

 मी माफी मागितली आणि भीत भीतच विचारलं, शाळेत येशील का. तिनं हातातली शेंग फोडली.

"यीन. पर तुमी मोबाईल कपाटात ठिवायचा."

मी हो म्हटलं. ती खरंच येईल का, या धास्तीत मधला रविवार गेला.

सोमवारी ती आली. वर्गाच्या दारातच थांबून तिनं आधी माझ्या दोन्ही हातांकडं पाहिलं, आणि मगच आत पाऊल टाकलं.